प्रश्नोत्तराचा तास : लोकसेवांचा जमाखर्च

विधिमंडळाचे अधिवेशन सुरू झाले म्हणजे सभात्याग, घोषणा आणि गोंधळ यांच्या बातम्या ठळकपणे झळकू लागतात. परंतु दररोजच्या कामकाजाच्या प्रारंभी जो एक तास राखून ठेवलेला असतो, त्याकडे सामान्य वाचकाचे लक्ष क्वचितच जाते. या तासात एखाद्या आडगावची नळपाणी योजना, तालुक्याच्या ठिकाणच्या रुग्णालयातील रिक्त पदे, पावसाळ्यात वाहून गेलेला पूल किंवा छप्पर नसलेली शाळाखोली यांविषयी राज्याच्या मंत्र्यांना सभागृहापुढे उभे राहून उत्तर द्यावे लागते. अर्थसंकल्पात तरतूद किती झाली हे आकड्यांवरून कळते. त्या तरतुदीतून लोकांच्या पदरात काय पडले, हे कळण्याचा राजमार्ग म्हणजे प्रश्नोत्तराचा तास होय.

प्रश्न विचारणाऱ्या लोकप्रतिनिधीइतकाच या तासाशी संबंध असतो तो उत्तराची माहिती पुरविणाऱ्या ग्रामसेवकाचा, गटविकास अधिकाऱ्याचा आणि अभियंत्याचा. तसेच ज्यांच्या तक्रारीतून प्रश्न जन्माला येतो, त्या पंचायत सदस्यांचा आणि ग्रामस्थांचाही. म्हणून या संसदीय आयुधाची जडणघडण, त्याचे नियम आणि त्याच्या मर्यादा यांचा परिचय सर्वांनाच असणे अगत्याचे आहे.

हक्काची वाटचाल

मंत्र्यांना प्रश्न विचारण्याची प्रथा मूळची इंग्लंडच्या पार्लमेंटमधील. तेथील सरदारांच्या सभागृहात १७२१ मध्ये पहिला प्रश्न विचारला गेल्याची नोंद आहे. आपल्याकडे १८६१ च्या कायद्यानुसार १८६२ मध्ये मुंबईस कायदे कौन्सिल स्थापन झाले आणि जगन्नाथ शंकरशेट यांच्यासारखे एतद्देशीय सभासद त्यात नियुक्त झाले. तथापि या कौन्सिलला केवळ पुढे आलेल्या विधेयकांचा विचार करण्याचा अधिकार होता. सरकारच्या कारभाराबद्दल चौकशी करण्याची मुभा सभासदांना नव्हती.

ही मुभा प्रथम १८९२ च्या कायद्याने मिळाली. त्यानंतर लवकरच, १८९३ मध्ये, मध्यवर्ती कौन्सिलात अवधमधील भिंगा संस्थानच्या राजेसाहेबांनी पहिला प्रश्न विचारला. दौऱ्यावर आलेल्या सरकारी अधिकाऱ्यांच्या छावण्यांना शिधासामग्री पुरविताना खेड्यातील दुकानदारांना जो त्रास होतो, त्यासंबंधी तो प्रश्न होता. भारतातील विधिमंडळीय प्रश्नांचा आरंभच गावपातळीवरच्या गाऱ्हाण्याने व्हावा, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

मुंबई कौन्सिलात त्या काळात फिरोजशहा मेहता, लोकमान्य टिळक आणि नामदार गोखले यांच्यासारखे सभासद निवडून गेले. टिळक १८९५ ते १८९७ या काळात सभासद होते. १८९६-९७ च्या दुष्काळात सरकारच्याच दुष्काळविषयक नियमांत रयतेला कोणत्या सवलती देऊ केल्या आहेत, हे गावोगावी समजावून सांगण्याची मोहीम टिळकांनी आणि सार्वजनिक सभेने चालविली. सरकारने कागदावर मान्य केलेले प्रत्यक्षात मिळते की नाही, हे विचारण्याची ही वृत्ती पुढील काळातील प्रश्नोत्तरांच्या मुळाशी आहे.

आरंभी उत्तर मिळाले की विषय संपत असे. उत्तरावर उपप्रश्न विचारण्याचा अधिकार १९०९ च्या सुधारणांनी दिला. तोही फक्त मूळ प्रश्नकर्त्यास. १९१९ च्या सुधारणांनंतर तो इतर सभासदांनाही मिळाला. लेखी उत्तर कार्यालयात बसून काळजीपूर्वक बेतता येते. उपप्रश्नाला मात्र तेथल्या तेथे उत्तर द्यावे लागते आणि विषयाची खरी माहिती मंत्र्यास आहे किंवा नाही, हे त्यावरून उघड होते.

घटनेचा आधार

स्वातंत्र्यानंतर या हक्काचे स्वरूप पालटले. परकीय सरकार सभासदांना उत्तर देत असे ते सवलत म्हणून. लोकनियुक्त सरकार उत्तर देते ते कर्तव्य म्हणून. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १६४ नुसार राज्याचे मंत्रिमंडळ विधानसभेला सामुदायिकपणे जबाबदार आहे. अनुच्छेद १९४ अन्वये सभासदांना सभागृहात भाषणस्वातंत्र्य आहे, तर अनुच्छेद २०८ अन्वये सभागृहाला आपल्या कामकाजाचे नियम स्वतः करता येतात. महाराष्ट्र विधानसभेच्या २८८ आणि विधानपरिषदेच्या ७८ सदस्यांना प्रश्न विचारण्याचा जो अधिकार आहे, तो या तरतुदींतून आणि त्यांखालील नियमांतून आलेला आहे.

प्रश्नांचे प्रकार

प्रश्न मुख्यतः तीन प्रकारचे असतात. ज्या प्रश्नाचे उत्तर सभागृहात तोंडी अपेक्षित असते आणि ज्यावर उपप्रश्न विचारता येतात, तो तारांकित प्रश्न. यादीत त्याच्यापुढे तारकेची खूण असते, म्हणून हे नाव. ज्याचे उत्तर केवळ लेखी दिले जाते, तो अतारांकित प्रश्न. आकडेवारी, तालुकावार माहिती किंवा कामांच्या याद्या हव्या असतील तेथे हाच प्रकार अधिक उपयोगी पडतो. तातडीच्या सार्वजनिक महत्त्वाचा विषय असेल तर नेहमीच्या मुदतीपेक्षा कमी मुदतीची सूचना देऊन अल्पसूचना प्रश्न विचारता येतो. मात्र तो स्वीकारण्यास मंत्र्यांची तयारी असावी लागते.

प्रश्नाच्या उत्तराने समाधान झाले नाही तर पुढील मार्गही उपलब्ध आहेत. उत्तरातून निघालेल्या महत्त्वाच्या मुद्यावर अर्धा-तास चर्चा मागता येते. तातडीच्या बाबीवर लक्षवेधी सूचना देऊन मंत्र्यांचे निवेदन मिळविता येते. विभागाच्या मागण्यांवर मतदान होताना कपात सूचना मांडता येते. उत्तर अपुरे आहे असे पीठासीन अधिकाऱ्यांना वाटल्यास ते प्रश्न राखून ठेवतात आणि पूर्ण माहितीसह पुन्हा उत्तर देण्यास मंत्र्यांना सांगतात. प्रश्न राखून ठेवला जाणे ही संबंधित विभागाला मिळालेली स्पष्ट समज असते.

प्रश्न ग्राह्य केव्हा ठरतो?

प्रश्न म्हणजे छोटे भाषण नव्हे. तो शासनाच्या जबाबदारीत येणाऱ्या एका निश्चित विषयापुरता मर्यादित असावा लागतो. त्यात युक्तिवाद, उपरोध, अनुमान किंवा बदनामीकारक मजकूर चालत नाही. काल्पनिक परिस्थितीबद्दल मत विचारता येत नाही. न्यायप्रविष्ट प्रकरण, सहज उपलब्ध असलेल्या प्रकाशनातील माहिती किंवा ज्याचे उत्तर पूर्वीच दिले गेले आहे असा विषयही सामान्यतः वगळला जातो. प्रश्न ग्राह्य आहे की नाही, याचा निर्णय विधानसभेत अध्यक्षांचा आणि परिषदेत सभापतींचा असतो.

महाराष्ट्रातील तारांकित प्रश्नाची मांडणी वर्षानुवर्षांच्या सरावाने ठरून गेली आहे. अमुक गावी अमुक घडले हे खरे आहे काय. असल्यास, शासनाने चौकशी केली आहे काय व चौकशीत काय आढळून आले. तदनुसार कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे. नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? ही भाषा काहीशी साचेबंद वाटते, पण तिच्यातील क्रम विचारपूर्वक बांधलेला आहे. प्रथम वस्तुस्थिती, मग चौकशी, त्यानंतर कृती आणि शेवटी विलंबाचा जाब. शासनाला निसटण्यासाठी यात फारशी वाट उरत नाही. अर्थात पहिल्याच भागाचे उत्तर खरे असेल तरच.

उत्तर कसे तयार होते?

प्रश्न स्वीकृत झाला की तो विधानमंडळ सचिवालयाकडून संबंधित मंत्रालयीन विभागाकडे येतो. तेथून माहितीसाठी विभागीय कार्यालय, जिल्हाधिकारी किंवा जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी यांच्याकडे विचारणा होते आणि ती पुढे पंचायत समिती, उपविभागीय कार्यालय आणि प्रसंगी गावापर्यंत पोहोचते. मग माहितीचा उलटा प्रवास सुरू होतो. गावातून तालुक्यास, तालुक्यातून जिल्ह्यास, जिल्ह्यातून मंत्रालयात. कक्ष अधिकारी मसुदा करतात, उपसचिव व सचिव तो तपासतात आणि मंत्री त्याला मान्यता देतात. सभागृहात मंत्री उत्तर देत असताना विभागाचे अधिकारी आपल्या दीर्घेत बसलेले असतात आणि आवश्यक तेथे चिठ्ठीद्वारे माहिती पुरवितात.

या साखळीतील सर्वांत महत्त्वाचा दुवा सर्वांत खालचा आहे. एक उदाहरण घेऊ. समजा, एका गावास पाणी मिळत नाही असा प्रश्न आला. कार्यालयातील नोंदवहीप्रमाणे योजना पूर्ण झालेली आहे. विहीर खोदली, जलवाहिनी टाकली, टाकी बांधली आणि ठेकेदाराचे देयकही अदा झाले. परंतु पंपाला वीजजोडणी मिळालेली नाही आणि गावातील स्त्रिया पूर्वीप्रमाणेच ओढ्यावरून पाणी आणीत आहेत. अशा वेळी "हे खरे नाही, योजना पूर्ण झाली आहे" असे उत्तर वर पाठविले तर कागदाच्या दृष्टीने त्यात खोटे शोधणे कठीण. पण त्या उत्तराने प्रश्नाचे पुढील सर्व भाग एका फटक्यात निकालात निघतात. तक्रारच खरी नसेल तर चौकशी कसली आणि विलंब कसला? तेथे "प्रश्न उद्भवत नाही" एवढे तीन शब्द पुरतात. प्रश्नाचे उत्तर दिले गेले अशी नोंद होते, तोच विषय पुन्हा विचारणे अवघड होते आणि ओढ्याची वाट तशीच राहते.

याउलट कनिष्ठ अधिकाऱ्याने जागेवर जाऊन पाहणी केली आणि "हे अंशतः खरे आहे; योजनेची बांधकामे पूर्ण झाली असून वीजजोडणी प्रलंबित आहे" असे कळविले तर चित्र बदलते. वीजजोडणी कोणी द्यावयाची, तिचे पैसे भरले आहेत काय, विलंब कोणत्या कार्यालयात झाला, हे उपप्रश्नांतून बाहेर येते. अनेकदा मंत्रालयातून आलेल्या विचारणेमुळेच अडलेले काम हलते आणि उत्तराच्या दिवसापर्यंत जोडणी झालेली असते. प्रश्नाचा हा अदृश्य परिणाम कार्यवृत्तात नोंदला जात नाही. गावकऱ्यांना मात्र तो नळाला जाणवतो.

प्रश्न म्हणजे आपल्या कार्यालयावर आलेले बालंट, अशी भावना काही ठिकाणी आढळते. ती सोडली पाहिजे. चुकीच्या माहितीची जबाबदारी अखेर मंत्र्यांवर येते आणि सभागृहाची जाणूनबुजून दिशाभूल झाल्याचे दिसल्यास हक्कभंगाचा प्रश्न उपस्थित होऊ शकतो. म्हणून उणीव कळविणे ही कमीपणाची गोष्ट नव्हे. उणीव दडविण्यात जोखीम आहे, ती विभागाचीही आणि जनतेचीही.

एका प्रश्नाचे बळ

प्रश्नाचे बळ किती असू शकते, याचे लोकसभेतील उदाहरण प्रसिद्ध आहे. आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांच्या समभागांत केलेल्या गुंतवणुकीसंबंधी १९५७ मध्ये लोकसभेत प्रश्न उपस्थित झाले. फिरोज गांधी यांनी या विषयाचा नेटाने पाठपुरावा केला. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती म. क. छागला यांच्या एकसदस्य आयोगाने मुंबईत खुली चौकशी केली आणि १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांनी राजीनामा दिला. विशेष म्हणजे प्रश्न विचारणारे फिरोज गांधी सत्तारूढ पक्षाचेच सदस्य होते. प्रश्नोत्तराचा तास हे केवळ विरोधी पक्षाचे शस्त्र आहे, हा समज त्यामुळे खोटा ठरतो.

प्रादेशिक समतोलाचा प्रश्न

महाराष्ट्रात प्रश्नोत्तराच्या तासाला आणखी एक परिमाण आहे, ते प्रदेशांच्या विकासाचे. १९५३ च्या नागपूर कराराने विदर्भाला जी आश्वासने दिली, त्यांत दरवर्षी विधिमंडळाचे किमान एक अधिवेशन नागपूरला भरविण्याचे कलम होते. १ मे १९६० रोजी राज्य स्थापन झाल्यानंतर ही प्रथा सुरू झाली. शासन स्वतः विदर्भात जाते तेव्हा तेथील सिंचन, रस्ते आणि आरोग्यसेवा यांविषयीचे प्रश्न त्या भूमीवरच विचारले जावेत, हा त्यामागील हेतू.

वर्षानुवर्षे सभागृहात विचारल्या गेलेल्या अशा प्रश्नांमागे एक मूळ प्रश्न होता : विकासाचा वाटा सर्व भागांना सारखा मिळतो काय? त्याचे शास्त्रीय मोजमाप करण्यासाठी १९८३ मध्ये प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमण्यात आली. रस्ते, सिंचन, ग्रामीण विद्युतीकरण, शिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा आदी क्षेत्रांत राज्याच्या सरासरीपेक्षा जिल्हा किती मागे आहे, हे पाहून समितीने १९८४ मध्ये अनुशेष काढला. तो सुमारे ३,१८७ कोटी रुपयांचा होता. 'अनुशेष' हा शब्द तेव्हापासून विधिमंडळाच्या आणि वृत्तपत्रांच्या भाषेत रुळला.

पुढे संविधानाच्या अनुच्छेद ३७१ (२) खाली १९९४ मध्ये विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांसाठी वैधानिक विकास मंडळे स्थापन झाली. मंडळांच्या कामाचा अहवाल दरवर्षी विधानसभेपुढे ठेवण्याची तरतूद त्याच अनुच्छेदात आहे. या मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. मंडळे असोत वा नसोत, एखाद्या भागातील सेवा का मागे पडल्या हे विचारण्याचा सदस्यांचा अधिकार अबाधित आहे. मात्र अशा प्रश्नाला धार येते ती तुलनेच्या आकड्यांनी. "आमच्या भागावर अन्याय होतो" या विधानाला उत्तर देणे सोपे असते. "मंजूर पदे किती, भरलेली किती आणि शेजारच्या जिल्ह्यात किती" या प्रश्नाला आकड्यांनीच उत्तर द्यावे लागते.

आश्वासनांचा पाठपुरावा

सभागृहात दिलेला शब्द आणि गावातील प्रत्यक्ष स्थिती यांत किती अंतर असू शकते, याचा धडा मुंबई इलाख्याच्या इतिहासात आहे. ऑगस्ट १९२३ मध्ये मुंबई कायदे कौन्सिलात रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव संमत झाला. सार्वजनिक निधीतून बांधलेले वा चालविलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच शाळा, दवाखाने आणि कचेऱ्या अस्पृश्य मानलेल्या वर्गांना खुल्या असाव्यात, असा तो ठराव होता. महाडच्या नगरपालिकेनेही त्याला अनुसरून आपले तळे खुले केल्याचे ठरविले. पण ठराव कागदावरच राहिला आणि तो प्रत्यक्षात आणण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्यावर सत्याग्रह करावा लागला. पाणवठ्यावरचा हक्क सभागृहात मान्य होऊनही साडेतीन वर्षे तो पाण्यापर्यंत पोहोचला नव्हता.

हे अंतर कमी करण्यासाठीच आश्वासन समितीची योजना आहे. लोकसभेत अशी समिती १९५३ मध्ये स्थापन झाली. महाराष्ट्र विधिमंडळातही ती आहे. "विचार करण्यात येईल", "तपासून पाहण्यात येईल", "माहिती घेऊन सभागृहास सादर केली जाईल" अशी मंत्र्यांची विधाने केवळ सौजन्याची राहत नाहीत. आश्वासन म्हणून त्यांची नोंद होते आणि त्यांच्या पूर्ततेचा हिशेब विभागाला द्यावा लागतो. लोकलेखा समिती, अंदाज समिती, पंचायती राज समिती आणि रोजगार हमी योजना समिती या समित्याही, प्रत्येक आपल्या विषयापुरती, सभागृहाने अधिवेशनात विचारलेल्या गोष्टी अधिवेशनाबाहेर तपासून पाहतात.

मर्यादा आणि दोष

या पद्धतीच्या मर्यादाही नजरेआड करता येणार नाहीत. एका तासात सर्व तारांकित प्रश्नांवर तोंडी चर्चा होणे शक्य नसते. लोकसभेत दररोज वीस तारांकित प्रश्न यादीत असतात. त्यांपैकी चार-पाचच सभागृहात चर्चेस येतात. गोंधळामुळे तास वाया गेला तर नुकसान सर्वाधिक होते ते प्रश्न विचारणाऱ्या सदस्याच्या मतदारसंघाचे. कोविड साथीच्या काळात, सप्टेंबर २०२० मध्ये, संसदेचे अधिवेशन प्रश्नोत्तराच्या तासाविना झाले. लेखी उत्तरांची सोय तेवढी राखण्यात आली. अधिकाराचा दुरुपयोग झाल्याचेही दाखले आहेत. पैसे घेऊन प्रश्न विचारल्याच्या प्रकरणात डिसेंबर २००५ मध्ये संसदेने अकरा सदस्यांना बडतर्फ केले. प्रश्न हा सदस्याच्या हाती दिलेला लोकांचा विश्वस्त ठेवा आहे, हे त्या कारवाईने अधोरेखित केले.

पंचायत सदस्य आणि शिक्षक यांचे काम

चांगला प्रश्न मुंबईत किंवा नागपुरात तयार होत नाही. तो गावात तयार होतो. पंचायत सदस्यांनी आपल्या आमदाराकडे जाताना तोंडी गाऱ्हाण्याबरोबर कागद न्यावा. काम कोणते, मंजुरीचा आदेश कोणत्या तारखेचा, खर्च किती झाला, काम कोठे थांबले आणि यापूर्वी कोणत्या कार्यालयास पत्रे दिली, एवढा तपशील एका पानावर लिहिता येतो. त्यासाठी लागणारी माहिती आज माहिती अधिकार अधिनियम, २००५ खाली कोणाही नागरिकास मागता येते, आणि दाखले वा परवाने विहित मुदतीत मिळत नसतील तर महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली अपिलाची सोय आहे. जे काम या मार्गांनी गावपातळीवर होऊ शकते, त्यासाठी सभागृहाचा वेळ खर्ची पडू नये. सभागृहात जावा तो धोरणाचा, व्यापक उणिवेचा किंवा खालच्या पायऱ्यांवर उत्तर न मिळालेला प्रश्न.

ग्रामसभेला घटनेच्या अनुच्छेद २४३-अ ने स्थान दिले आहे. तेथेही हीच शिस्त उपयोगी पडते. एका वेळी एक विषय, प्रथम वस्तुस्थिती, आरोपाऐवजी माहितीची मागणी आणि मिळालेल्या उत्तराची इतिवृत्तात नोंद. पुढील ग्रामसभेत मागील आश्वासनांची यादी वाचून दाखविण्याचा प्रघात पाडला तर गावाला स्वतःची आश्वासन समिती लाभेल.

शिक्षकांना तर नागरिकशास्त्राचा हा पाठ प्रत्यक्ष करून घेता येईल. केंद्र शासनाची युवा संसद योजना १९६६-६७ पासून चालू आहे. त्या धर्तीवर वर्गात एक तास ठेवावा. काही विद्यार्थ्यांनी मंत्री व्हावे, काहींनी सदस्य आणि एकाने अध्यक्ष. विषय मात्र शाळेच्या परिसरातलेच घ्यावेत : पिण्याच्या पाण्याची टाकी, वाचनालयाची वेळ, एस.टी.चे वेळापत्रक. मंत्री झालेल्या विद्यार्थ्याने उत्तर देण्यापूर्वी जागेवर जाऊन पाहणी केलीच पाहिजे, एवढा एक नियम कटाक्षाने पाळावा. पाहणी करून उत्तर देण्याची सवय ज्यांना शाळेत लागेल, त्यांच्यातूनच उद्याचे ग्रामसेवक, अभियंते आणि लोकप्रतिनिधी घडणार आहेत.

विहीर खोदली, टाकी बांधली, देयक अदा झाले, या सर्व नोंदी खर्चाच्या बाजूला पडतात. जमेच्या बाजूला एकच नोंद घ्यावयाची असते : पाणी आले काय? ती नोंद खरी लिहिली जाते की नाही, हे पाहण्यासाठीच विधिमंडळाच्या दिवसाचा पहिला तास राखून ठेवलेला आहे.